सहा बंदांची मुखपट्टी

1911च्या जानेवारीत ईशान्य चीनमधल्या हार्बिन शहरात रस्त्यावरचा जवळजवळ प्रत्येक माणूस तोंडाला पांढरी पट्टी बांधून फिरू लागला. बांधण्याची तऱ्हा मात्र ज्याची त्याची. कुणाची पट्टी कानाशी लोंबत असे, तर कुणी ती हनुवटीखाली सरकवून गळ्यात ताईतासारखी वागवत असे. कोरोनाच्या साथीत आपल्याकडे मंडईत आणि एसटी स्टँडवर जे दृश्य दिसत होते, ते हार्बिनने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पाहिले होते. शहराला ही पट्टी बांधायला लावणारा डॉक्टर तेव्हा अवघा 31 वर्षांचा होता. चिनी वंशाचा असूनही तो चीनमध्ये वाढलेला नव्हता, आणि तिथली भाषाही त्याला मोठेपणी शिकावी लागली होती. त्याचे नाव वू लिएन-तेह.

वू यांचा जन्म 10 मार्च 1879 रोजी पेनांगमध्ये झाला. आज मलेशियात असलेले हे बेट तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होते. वडील दक्षिण चीनमधून पोटासाठी आलेले सोनार, घरात भावंडांचे मोठे खटले. मुलगा पेनांग फ्री स्कूलमध्ये शिकला आणि 1896मध्ये राणीच्या नावाची शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजात पोहोचला. केंब्रिजला वैद्यक शिकणारा चिनी वंशाचा तो पहिला विद्यार्थी. पुढे लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात त्याने उमेदवारी केली. नंतर लिव्हरपूलला रोनाल्ड रॉस यांच्या हाताखाली काम केले. हिवतापाचा परजीवी डासाच्या पोटात आपल्या सिकंदराबादेत शोधणारे तेच हे रॉस. त्यानंतर जर्मनीतले हाले आणि पॅरिसची पाश्चर संस्था. जंतुशास्त्रात त्या काळी जे जे शिकण्याजोगे होते, ते बहुतेक सारे पदरात पाडून वू 1903मध्ये मायदेशी परतले.

परतल्यावर पहिला धक्का बसला. वसाहतीच्या आरोग्यखात्यातल्या वरच्या जागा ब्रिटिशांसाठी राखलेल्या होत्या. केंब्रिजची पदवी असली तरी पेनांगच्या सोनाराच्या मुलाला तिथे वाव नव्हता. क्वालालंपूरच्या संशोधन संस्थेत वर्षभर बेरीबेरीवर काम करून त्यांनी अखेर पेनांगमध्ये दवाखाना थाटला. रोगी येत होते, पैसाही मिळत होता. पण गावातल्या चिनी मजुरांना अफूने पोखरले होते, आणि अफूच्या मक्त्यावर सरकारचा आणि बड्या व्यापाऱ्यांचा महसूल चालत होता. वू अफूविरोधी संघटनेचे पुढारी झाले. 1906मध्ये त्यांनी परिषद भरवली आणि नेमक्या नको त्या लोकांचे वैर ओढवून घेतले. मग एके दिवशी त्यांच्या दवाखान्याची झडती झाली. औषधांच्या कपाटात अफूच्या अर्काची एक जुनी छोटी बाटली सापडली, आणि परवान्यावाचून अफू बाळगल्याबद्दल अफूच्याच या शत्रूला दंड झाला. असा अर्क त्या काळी कुठल्या डॉक्टरच्या कपाटात नसे! अपमान मात्र जिव्हारी लागला. त्याच सुमारास चीनमधून बोलावणे आले आणि 1908मध्ये ते तिआनजिन इथल्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाचे उपसंचालक म्हणून रुजू झाले.

दोन वर्षांनी, 1910च्या शरद ऋतूत, मांचुरियात माणसे पटापट मरू लागली. सुरुवात रशियाच्या सीमेवरच्या मांझौली गावातून झाली. त्या भागात तार्बागान नावाचा, बिळात राहणारा, गुबगुबीत अंगाचा प्राणी आढळतो. युरोपात त्याच्या कातड्याला एकाएकी भाव आला, तेव्हा शांतुंगसारख्या गरीब प्रांतांतून हजारो मजूर शिकारीसाठी तिकडे लोटले. जुने मंगोल शिकारी धडपडत चालणाऱ्या आजारी प्राण्याला हात लावत नसत. या नवख्यांना ते ठाऊक नव्हते, उलट असा प्राणी त्यांना सहज हाती लागे. शिकारीचा हंगाम संपला की ही माणसे सरायांमध्ये एकमेकांना खेटून झोपत. उणे 30 अंशांच्या थंडीत दारे-खिडक्या घट्ट बंद. ताप, खोकला, थुंकीतून रक्त, चेहरा काळानिळा आणि दोन-तीन दिवसांत शेवट. दुखणे लागले की त्यातून जवळपास कुणीच उठत नव्हते. मग रेल्वेने रोग हार्बिनला पोहोचला आणि शहराच्या फुजियादियान नावाच्या दाट चिनी वस्तीत शिरला. तिथे सुमारे 24000 माणसे राहत होती.

चीनच्या परराष्ट्र खात्याने वू यांना तिकडे धाडले. 24 डिसेंबर 1910 रोजी सूक्ष्मदर्शक आणि एक विद्यार्थी-सहायक सोबत घेऊन ते हार्बिनला उतरले. तिसऱ्या दिवशी बातमी आली, की एका सरायीची मालकीण असलेली जपानी बाई वारली. त्या काळी चीनमध्ये मृतदेह कापणे कायद्याने आणि रूढीने निषिद्ध होते. तरीही वू यांनी त्या घराच्या अंधाऱ्या खोलीत शवविच्छेदन केले. चीनमधल्या पहिल्यावहिल्या शवविच्छेदनांत त्याची गणना होते. फुप्फुस, हृदय, प्लीहा आणि यकृत यांचे नमुने काचेवर घेतले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर दोन्ही टोकांना गडद रंगलेले, अंडाकृती जंतू खच्चून भरलेले. प्लेगच होता. गावच्या अधिकाऱ्यांनाही त्यांनी डोळा लावून ते जंतू पाहायला लावले, कारण पुढचे कठोर हुकूम त्याच अधिकाऱ्यांकडून सुटायचे होते.

प्लेग आहे एवढे कळून भागत नव्हते. खरा प्रश्न होता तो पसरतो कसा याचा, आणि इथे मुंबईचा संबंध येतो. 1896पासून मुंबई-पुण्याला ज्या प्लेगने छळले तो प्रामुख्याने गाठीचा. आधी घरात उंदीर पडत, मग माणसांच्या जांघेत आणि काखेत गाठी येत. उंदरावरची पिसू हा रोग माणसापर्यंत आणते असे पॉल-लुई सिमाँ यांनी 1898मध्ये कराचीत दाखवले, आणि 1905नंतर परळच्या प्रयोगशाळेतल्या कामाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. त्यामुळे 1910मध्ये जगातल्या कुठल्याही जाणत्या डॉक्टरला प्लेग म्हटले की उंदीर आठवायचा. हार्बिनलाही एक जपानी डॉक्टर उंदीर पकडून चिरत बसला होता, आणि त्याला एकाही उंदरात प्लेग सापडत नव्हता. रोग्यांच्या अंगावर गाठी नव्हत्या. खोकला होता आणि रक्त होते. वू यांनी निष्कर्ष काढला, की हा फुप्फुसाचा प्लेग आहे. तो उंदराच्या मध्यस्थीवाचून, खोकणाऱ्याच्या तोंडातून उडणाऱ्या थेंबांवाटे, एका माणसाकडून थेट दुसऱ्याकडे जातो. ज्या रोगात उंदीर मारून उपयोग नाही, त्यात माणसाच्या तोंडापाशीच काहीतरी आडवे घालायला हवे.

तोंडावर कापड बांधण्याची कल्पना नवी नव्हती. युरोपात काही शल्यविशारद 1897पासून शस्त्रक्रियेच्या वेळी गॉजची पट्टी बांधत होते. पण त्यामागचा हेतू डॉक्टरच्या तोंडातले जंतू रोग्याच्या जखमेत पडू नयेत एवढाच होता. वू यांनी तीच पट्टी शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर काढली आणि डॉक्टर, परिचारक, पोलीस, प्रेते वाहणारे, रोग्याचे घरचे, इतकेच काय रस्त्यावरचा माणूस, अशा सगळ्यांच्या तोंडावर चढवली.

त्यांची पट्टी इतकी साधी होती की कुठल्याही घरात करता यावी. दवाखान्यातले 9 इंच रुंदीचे गॉज घ्यायचे आणि 3 फुटांचा तुकडा कापायचा. तो लांबीत दुमडायचा आणि घडीच्या मधोमध 4 इंच बाय 6 इंच आकाराची कापसाची चपटी गादी ठेवायची. मग दोन्ही टोकांकडून आत 15 इंचांपर्यंत दोन-दोन उभे काप द्यायचे. हिशेब पाहण्यासारखा आहे. 36 इंचांतून दोन्ही बाजूंचे 15-15 इंच गेले की मध्ये बरोबर 6 इंच उरतात, म्हणजे कापसाच्या गादीइतकेच. शिवण नाही, इलॅस्टिक नाही, वाया जाणारे कापड नाही. प्रत्येक बाजूला तीन, असे एकूण सहा बंद तयार होतात. आपल्या जुन्या बाराबंदीचे निम्मे म्हणा ना! वरचे बंद कानांवरून मागे नेऊन बांधायचे, खालचे कानांखालून, आणि मधले डोक्यावरून. हे मधले बंदच सर्वांत शहाणपणाचे. पट्टी बराच वेळ वापरली की सैल होऊन गळ्यात उतरते, ते त्यांच्यामुळे टळते. एका पट्टीला खर्च यायचा अडीच सेंट.

वू यांचा सारा भर कापडाच्या गुणापेक्षा बसवण्यावर होता, आणि तिथेच त्यांच्यातला व्यवहारी डॉक्टर दिसतो. कापूस कितीही जाड असो, गालाशी फट राहिली तर श्वास कापसातून न जाता फटीतूनच जाणार, कारण हवा नेहमी सोपी वाट धरते. दुसरी गोष्ट ओलाव्याची. श्वासाच्या वाफेने कापड भिजले की त्यातून हवा नीट जात नाही, ती पुन्हा कडेने जाऊ लागते. शिवाय बाहेरच्या अंगाला अडकलेले जंतू पट्टी सारखी चाचपणाऱ्या बोटांना लागतात, आणि बोटे डोळ्याला. कापसाची गादी धुण्याजोगी नसते, म्हणून अडीच सेंटांची ती पट्टी वापरून टाकून द्यायची. घरी शिवलेल्या सुती मास्कची गोष्ट वेगळी. 2020मध्ये भारत सरकारने घरगुती मास्कसाठी जे सांगितले ते याच तर्काचे पुढचे पाऊल होते. मास्क रोज साबण आणि गरम पाण्याने धुवावा आणि कडक उन्हात निदान पाच तास वाळवावा. ऊन नसेल तर प्रेशर कुकरमध्ये पाण्यात किमान दहा मिनिटे उकळावा. काढताना पुढून न धरता मागच्या नाड्या सोडाव्यात आणि लगेच हात धुवावेत. ओला मास्क तसाच पुन्हा बांधू नये. यातली एकही गोष्ट महाग नाही. कंटाळवाण्या मात्र सगळ्याच आहेत, आणि माणूस चुकतो तो कंटाळ्यापायी.

हार्बिनमध्ये चूक झाली ती वेगळ्या कारणाने. रशियन प्लेग रुग्णालयाचे डॉक्टर हाफकिन हे मुंबईत प्लेगची लस तयार करणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांचे पुतणे. तिथे भरवसा काकांच्या लशीवर होता आणि मास्कवाचून रोगी तपासले जात होते. ती लस गाठीच्या प्लेगसाठी बनली होती. या नव्या रूपापुढे तिचा निभाव लागत नव्हता.

2 जानेवारी 1911 रोजी जेराल्ड मेस्नी नावाचे फ्रेंच डॉक्टर हार्बिनला आले. तिआनजिनच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते प्राध्यापक होते, वयाने वू यांच्यापेक्षा मोठे होते आणि गाठीच्या प्लेगची साथ त्यांनी स्वतः हाताळली होती. वू त्यांना भेटायला हॉटेलवर गेले आणि थेंबांचा, मास्कचा मुद्दा समजावू लागले. मेस्नी संतापले. साथीची सूत्रे आपल्याकडेच हवीत असे त्यांचे म्हणणे होते. एका तरुण चिन्याने आपल्याला शिकवावे हे त्यांना सोसले नाही, आणि वू यांच्या वंशावरून त्यांनी त्यांना वाटेल तसे बोलून घेतले. वू निमूट उठले आणि त्यांनी राजीनाम्याची तार पाठवली. सरकारने ती मानली नाही, उलट वू यांनाच पाठिंबा कळवला.

मेस्नी स्वतःच रशियन रुग्णालयात गेले. अंगात पांढरा झगा, डोक्यावर टोपी, हातात रबरी मोजे. पिसू आणि स्पर्श यांपासून जपायचे असेल तर तयारी चोख होती. तोंड मात्र उघडे होते. त्यांनी चार रोगी तपासले. थोड्याच दिवसांत हॉटेलच्या खोलीत त्यांना थंडी वाजून ताप भरला, खोकला सुरू झाला आणि थुंकीत रक्त आले. 11 जानेवारी रोजी ते गेले. त्यांना मूर्ख ठरवणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. आधीच्या साथीत ज्या अनुभवाने त्यांना तारले, त्याच अनुभवाने या वेळी दगा दिला. अशा चुका दवाखान्यात अनुभवी माणसांकडूनच होतात. त्यात भर पडली वर्णाच्या अहंकाराची. समोरच्याच्या हातात पुरावा असूनही त्यांनी आधी त्याचा चेहरा पाहिला.

नामांकित युरोपियन डॉक्टर मेला आणि शहर हादरले. वू यांच्या आर्जवांनी जे झाले नव्हते ते एका मृत्यूने झाले. रस्त्यावर मास्क दिसू लागले, आणि ज्या हुकुमांना आधी फाटे फुटत होते ते आता पाळले जाऊ लागले. वू यांनी फुजियादियानचे चार विभाग पाडले. प्रत्येक विभागातल्या माणसांना वेगळ्या रंगाची पट्टी दिली आणि आपल्याच विभागात फिरण्याची मुभा ठेवली. 1100हून अधिक सैनिकांनी वस्तीला वेढा घातला. घरोघर तपासणी सुरू झाली. रोग्यांच्या संपर्कातल्या माणसांना ठेवायला इमारती नव्हत्या, म्हणून रशियन रेल्वेकडून 120 मालडबे मागून घेतले. त्यांत शेगड्या पेटवून माणसे ठेवली आणि दोन वेळा त्यांचा ताप बघितला. चिनी नववर्षासाठी गावाकडे निघालेल्या मजुरांना गाड्यांत चढू देणे थांबवले. सणाला घरी जाऊ पाहणाऱ्या गरिबाला अडवण्यातली क्रूरता उघड आहे, पण आधी निसटलेल्यांबरोबर रोग दक्षिणेकडच्या शहरांपर्यंत पोहोचलाही होता.

सर्वांत अवघड गोष्ट अजून बाकी होती. जमीन दगडासारखी गोठलेली, त्यामुळे कबरी खणता येत नव्हत्या. स्मशानाजवळ शवपेट्या आणि उघडी प्रेते मिळून 2000हून अधिक देह रांगेने पडून होते. उंदरांनी ती कुरतडली असती तर फुप्फुसाच्या साथीला गाठीच्या साथीची जोड मिळाली असती. दहन हा आपल्याकडे नेहमीचा विधी, पण पूर्वजांच्या कबरी पुजणाऱ्या चिनी माणसाला प्रेत जाळणे हा घोर अपराध वाटे. वू यांनी स्थानिक अधिकाऱ्यांना आणि प्रतिष्ठितांना ते ढीग प्रत्यक्ष दाखवले आणि त्यांच्या पाठिंब्याने थेट बादशाही दरबाराकडे परवानगी मागितली. ती मिळाली. नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी, 31 जानेवारीला, रॉकेल ओतून चिता पेटल्या. त्या सणाला लोकांना घराच्या आत फटाके फोडायला सांगितले होते. घरात काही ना काही धूर व्हावा हा उद्देश त्यामागे असावा, पण दुःखी घरांना सणाचा आवाजही तेवढाच मिळाला.

त्यानंतर मृत्यू उतरत गेले. 1 मार्चला हार्बिनमधला शेवटचा रोगी नोंदला गेला. 24000च्या त्या वस्तीतली 5000हून जास्त माणसे गेली होती. साऱ्या मांचुरियात मिळून सुमारे 60000.

एप्रिलमध्ये मुकदेन शहरात आंतरराष्ट्रीय प्लेग परिषद भरली. अकरा देशांचे तज्ज्ञ आले, त्यांत प्लेगच्या जंतूचे एक शोधक कितासातो हेही होते. अध्यक्षपदी होते वू, ज्यांना आठ वर्षांपूर्वी स्वतःच्या बेटावर वरची जागा नाकारली गेली होती. मास्कबद्दल मात्र परिषदेने आणि नंतरच्या प्रयोगांनी नुसत्या टाळ्या वाजवल्या नाहीत. मुकदेनला येऊन गेलेल्या अमेरिकी पथकाच्या मनिलातल्या प्रयोगशाळेत पुढे मास्कची परीक्षा झाली, तेव्हा बारीक फवाऱ्यातले काही जंतू कापूस आणि गॉज पार करून आत जातात असे दिसले. म्हणजे मास्क धोका कमी करतो, संपवत नाही. वू यांनीही एकट्या पट्टीवर साथ सोडली नव्हती. वेढा, तपासणी, रेल्वेचे डबे आणि चिता हे सारे तिच्या जोडीला होते. 1920-21मध्ये मांचुरियात फुप्फुसाचा प्लेग परतला, तेव्हा त्यांनी उभारलेली प्लेग-प्रतिबंधक यंत्रणा आधीपासून तयार होती. त्या वेळी सुमारे 9000 माणसे दगावली.

पुढची वर्षे कामाची गेली. 1915मध्ये चिनी वैद्यक संघटना उभी राहिली, नंतर ते तिचे अध्यक्ष झाले. 1926मध्ये राष्ट्रसंघाने फुप्फुसाच्या प्लेगवरचा त्यांचा ग्रंथ छापला. 1930पासून शांघायमध्ये राष्ट्रीय क्वारंटाइन सेवेची जबाबदारी त्यांच्याकडे आली. 1935मध्ये नोबेलसाठी त्यांचे नाव सुचवले गेले, पारितोषिक मिळाले नाही. 1937मध्ये जपानने चीनवर हल्ला चढवला आणि वू सारे मागे सोडून मलायात परतले.

साठीला टेकलेल्या या माणसाने इपोह गावात साधा दवाखाना उघडला आणि सर्दी-खोकल्याचे रोगी तपासायला सुरुवात केली. युद्धकाळात एका डाव्या बंडखोर टोळीने खंडणीसाठी त्यांना पळवून नेले. खंडणी देऊन सुटले, तर शत्रूला पैसा पुरवला म्हणून जपान्यांचा ससेमिरा मागे लागला. त्यातून वाचले ते त्यांनी कधीतरी एका जपानी अधिकाऱ्याला बरे केले होते म्हणून. रोगी तपासणे त्यांनी ऐंशीच्या घरात पोहोचल्यावरही सोडले नाही. फावल्या वेळात आठवणी लिहिल्या. 1959मध्ये त्यांचे 667 पानांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यात हार्बिनच्या थंडीचा, मेस्नींच्या हॉटेलातल्या त्या भेटीचा आणि गळ्यात लोंबणाऱ्या पट्ट्यांचा तपशील आहे. निवृत्तीसाठी त्यांनी पेनांगमध्ये नवे घर घेतले होते. 21 जानेवारी 1960 रोजी पेनांगमधल्या घरीच पक्षाघाताने त्यांचे निधन झाले.